'प्रकाशक : लेखक स्वतः' – सोलापूर जिल्ह्यातील ग्रंथालयांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि ग्रंथपाल,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये

विषय : लेखकांनी स्वतः प्रकाशित केलेल्या विज्ञान आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांची ग्रंथखरेदी

स.न.वि.वि.

अनुदानाचा हप्ता जमा झाला की ग्रंथखरेदीची घाई सुरू होते. विक्रेता गठ्ठे आणून टेबलावर सोडतो, दोन-तीन तासांत निवड उरकते. त्यात आतल्या पानावर 'प्रकाशक : लेखक स्वतः' असे छापलेली कादंबरी हाती आली की ती बाजूला पडते. ती परग्रहावर घडणारी किंवा कल्पित राज्यातली असेल, तर तिचे पहिले पानही वाचले जात नाही. अशी कादंबरी घ्याच, असा आमचा आग्रह नाही. ती उघडा, तपासा, आणि तपासणीत उतरली तर इतर पुस्तकांसारखी विकत घ्या, एवढीच विनंती आहे. तपासायची कशी आणि न तपासता परत पाठवल्याने पुढे काय घडते, ते सविस्तर मांडायचे म्हणून हे पत्र.

आधी आपल्या तक्रारीबद्दल. स्वयंप्रकाशित पुस्तकांत शुद्धलेखनाच्या चुका फार, बांधणी कच्ची, किंमत अवाच्या सवा, असे ग्रंथपाल सांगतात. ते बहुतेक वेळा खरे असते. आम्ही लिहिणारे, अक्षरजुळणी करणारे आणि मुद्रिते तपासणारे लोक आहोत. अशी पुस्तके आपल्या इतकीच आमच्याही हातातून जातात. पण त्या चुका कुठून येतात, हे पैशांचा हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. म्हणून तो आधी मांडतो.

विज्ञान किंवा अद्भुतरम्य कादंबरी सहसा जाड होते. वाचकाला अनोळखी जग उभे करून द्यायचे असते. तिथली माणसे, कायदे, यंत्रे, ऋतू, चलन हे सगळे सांगावे लागते. 80,000 शब्दांची कादंबरी धरा. डेमी आकारात, म्हणजे साडेपाच गुणिले साडेआठ इंचात, 13 पॉइंटच्या टायपात पानावर साधारण 270-280 शब्द बसतात. प्रकरणांची सुरुवातीची पाने, नकाशा, नामसूची धरून हे पुस्तक 320 पानांचे होते. फॉर्मा 16 पानांचा, म्हणजे 20 फॉर्मे. 500 प्रतींसाठी 23 गुणिले 36 इंची कागदाची 10 रिमे (एक रीम म्हणजे 500 ताव) लागतात, वाया जाणारा कागद वेगळा. 70 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम भरणारा, कागद घेतला तर एक रीम पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरते. एकूण 187 किलो कागद.

आता रुपये. दर छापखान्यागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, तेव्हा पुढचे आकडे उदाहरणाचे समजा. छपाई, कागद, लॅमिनेशन, बांधणी मिळून प्रतीमागे 110 रुपये. संपादन 25,000, दोन वेळचे मुद्रितशोधन 10,000, अक्षरजुळणी 10,000, मुखपृष्ठ आणि नकाशा 15,000; असे 60,000 रुपये छापखान्यात पाऊल ठेवण्याआधीच गेले. 500 प्रतींवर ते वाटले की प्रतीमागे 120. म्हणजे पुस्तक लेखकाला 230 रुपयांना पडले आणि एकूण 1,15,000 रुपये अडकले. छापील किंमत 400 ठेवली. ग्रंथालयाने 25 टक्के सवलतीने घेतले तर हातात 300 येतात आणि 384वी प्रत विकली की खर्च भरून निघतो. वितरकाने 50 टक्के सवलत मागितली तर हातात 200. मग सगळ्या 500 प्रती संपल्या तरी 15,000 रुपयांचा तोटा.

या धास्तीने लेखक 500 छापत नाही, 150 छापतो. एवढ्या कमी प्रतींना ऑफसेटच्या प्लेटा परवडत नाहीत, म्हणून डिजिटल छपाई. प्रतीमागे समजा 165. पण जुळणी-संपादनाचे ते 60,000 तसेच राहतात, आणि 150 प्रतींवर वाटले की एकेका प्रतीवर 400 रुपयांचे ओझे पडते. पुस्तक 565 ला पडले. इतकी किंमत कुणी देत नाही. मग कात्री कशाला लागते? कागदाला लागत नाही, छपाईला लागत नाही. संपादन आधी जाते, मग दुसरे मुद्रितशोधन, मग पहिलेही. ग्रंथालये स्वयंप्रकाशित पुस्तक घेत नाहीत म्हणून प्रती कमी, प्रती कमी म्हणून संपादन नाही, संपादन नाही म्हणून पुस्तक कच्चे, आणि पुस्तक कच्चे म्हणून ग्रंथालये घेत नाहीत. हे चक्र लेखक एकट्याने तोडू शकत नाही. जिल्ह्यात 11 तालुके आहेत. तालुक्यातल्या पाच-पाच ग्रंथालयांनी एकेक प्रत घेतली तरी 55 प्रती होतात, वरच्या हिशेबाने 16,500 रुपये. दोन्ही वेळचे मुद्रितशोधन त्यात निघते आणि संपादनाचा चौथा हिस्साही. पुस्तक चांगले होण्यासाठी लागणारा पैसा एवढाच असतो. तो वेळेवर आला पाहिजे.

चांगली बाजूही सांगायला हवी. पहिली छपाई खर्चापुरती फिटली की दुसऱ्या छपाईला फक्त 110 रुपये लागतात. त्या वेळी 50 टक्के सवलत देऊनही 90 रुपये उरतात. मालिकेचा दुसरा भाग आला की पहिल्याची मागणी पुन्हा उठते. शिवाय विषय, लांबी, शेवट, मुखपृष्ठ यांपैकी कशालाही कुणाची परवानगी लागत नाही. तीन भागांची, हजार पानांची कल्पित जगाची कादंबरी नव्या लेखकाकडून स्वीकारणे प्रकाशकाला जड जाते, हे आम्ही समजू शकतो. त्यांचाही हिशेब वरच्यासारखाच असतो. विज्ञानकथेला मासिके, दिवाळी अंक आणि मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धा यांचा आधार मिळाला. कादंबरीला तसे अंगण नाही. म्हणून या प्रकारात लिहिणारे बरेच जण स्वतःच प्रकाशक होतात.

आणि स्वतःचे स्वतः छापणे म्हणजे कमअस्सल, ही समजूत निदान सोलापुरात तरी टिकू नये. आपल्या गावातून निघणारे दाते पंचांग शतकाहून अधिक काळ महाराष्ट्रभर घराघरांत जाते. पंचांग करणारे घराणेच ते प्रकाशितही करते. लोकांनी कधी प्रकाशकाचे नाव पाहून तिथी मानली नाही. गणित बरोबर येते म्हणून मानली.

आता तपासणी. एका पुस्तकाला पंधरा मिनिटे पुरतात.

सुरुवात श्रेयपानापासून करा. मुद्रकाचे नाव-पत्ता, प्रकाशकाचा पत्ता, आवृत्तीचा महिना-वर्ष, मुखपृष्ठकाराचे आणि मुद्रितशोधकाचे नाव, हे सगळे तिथे हवे. मुद्रितशोधकाचे नाव नसेल तर मुद्रितशोधन झालेच नसण्याची शक्यता बरीच. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, पाहा. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो आणि लेखकालाही स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. म्हणून 'आयएसबीएनसाठी इतके हजार' असे कुणी लेखकाकडून घेत असेल तर ते पैसे कशाचे, हे विचारायला हवे. क्रमांक 13 अंकी असतो, भारतीय पुस्तकांवर 978-81 किंवा 978-93 ने सुरू होतो. अंक बरोबर छापले आहेत का, हे कागद-पेन्सिलीने कळते : पहिला अंक तसाच, दुसऱ्याला 3 ने गुणा, तिसरा तसाच, चौथ्याला 3 ने, असे शेवटपर्यंत, बेरजेला 10 ने पूर्ण भाग जायला हवा. नाही गेला तर क्रमांक चुकला आहे. ई-पुस्तकाचा क्रमांक वेगळा आणि कागदी पुस्तकाचा वेगळा असतो. घाईत लेखक एकच दोन्हीकडे टाकतात. बदल न करता पुन्हा छापले तर ते पुनर्मुद्रण, क्रमांक तोच राहतो. मजकूर बदलून नवी आवृत्ती काढली तर नवा. आयएसबीएन हा दर्जाचा शिक्का नव्हे, हेही ध्यानात असू द्या. त्यावरून प्रकाशकाने नियम पाळले का, एवढेच समजते.

मग मधले एखादे पान उघडून मजकूर पाहा. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात टाइप केलेले हस्तलिखित युनिकोडमध्ये रूपांतरित केले की मराठीचे खास नुकसान होते. रफार आणि अर्धा र यांची गल्लत होते. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र या अर्थाचा दर्या यांतला फरक नाहीसा होतो. सागरी साहसाच्या कादंबरीत ही चूक प्रत्येक प्रकरणात सापडते. पाने जुळवण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' हा पर्याय न निवडता मजकूर ओतला तर ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची आहेत की हिंदी, तेही बघा. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने मराठी वळणे प्रमाण ठरवली आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू हे फाँट मोफत आहेत, तिरो देवनागरी मराठीही मोफत आहे, तेव्हा फाँट परवडला नाही ही सबब चालत नाही. ज्या पुस्तकात एका पानावर असे तीन दोष दिसले, ते परत करा. आम्ही त्याची बाजू घेणार नाही.

या प्रकारच्या कादंबरीसाठी आणखी एक कसोटी आहे आणि ती सगळ्यांत उपयोगी आहे. पहिल्या प्रकरणातले एक कल्पित नाव निवडा. गावाचे, नदीचे, राणीचे, यानाचे, कुठलेही. तेच नाव शेवटच्या प्रकरणात आणि नकाशात शोधा. संगणकाच्या शुद्धलेखन तपासनिसाला कल्पित नावे सगळीच चुकीची वाटतात. त्यामुळे तो प्रत्येक ठिकाणी लाल रेघ मारतो आणि टाइप करणारा ती रेघ बघायचे सोडून देतो. मग एकच नदी तीन ऱ्हस्व-दीर्घांनी वाहते. जागरूक लेखक संपादनाआधी नामसूची करतो : नाव, त्याचे नेमके लेखन, सामान्यरूप, पहिले पान. सामान्यरूप महत्त्वाचे, कारण विभक्तीचा प्रत्यय लागला की मराठी नाव बदलते. इंग्रजी वळणाचे ठेवलेले कल्पित नाव 'ला', 'ने', 'च्या' लागल्यावर कसे लिहायचे, हे सुरुवातीला ठरवले नाही तर प्रत्येक प्रकरणात वेगळे रूप होते.

विज्ञान कादंबरीत अंतर आणि वेळ पाहा. पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोचायला ग्रहांच्या स्थितीनुसार साधारण 3 ते 22 मिनिटे लागतात. पात्रे जर पुणे-सोलापूर फोनवर बोलावे तशी मंगळाशी गप्पा मारत असतील, आणि त्याचे काही स्पष्टीकरण कथेत नसेल, तर संपादकाचा हात फिरलेला नाही. गोल फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात पृथ्वीएवढे वजन जाणवायचे असेल आणि फेरे मिनिटाला दोनच असतील, तर त्रिज्या सुमारे 224 मीटर हवी. 20 मीटरच्या स्थानकात ते जमणार नाही. अद्भुतरम्य कादंबरीला ही सूट आहे असे समजू नका. तिथला चंद्र आपल्यासारखाच असेल तर शुद्ध तृतीयेची कोर मध्यरात्री डोक्यावर येऊ शकत नाही, ती सूर्यामागोमाग मावळते. चार दिवसांची वाट दुसऱ्या भागात एका रात्रीत संपली तर वाचक पहिले तेच पकडतो. हे वाचक फार काटेकोर असतात, आणि त्यांत तरुण बरेच असतात. ग्रंथालयांना जो वयोगट मिळत नाही म्हणून आपण चिंता करता, तो हाच.

शेवटी पुस्तक हातात घेऊन बांधणी पाहा. बरोबर मध्ये उघडून टेबलावर ठेवा. पाने ताठ उभी राहून पुस्तक आपोआप मिटत असेल तर बहुधा कागदाचा तंतू आडवा गेला आहे; तो पाठीला समांतर हवा. असे पुस्तक दहा-पंधरा देवघेवींत पाठीतून फुटते. नुसत्या गोंदाची परफेक्ट बांधणी 320 पानांना चालते, पण ग्रंथालयाच्या वापराला फॉर्मे शिवून केलेली बांधणी खात्रीची. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून वर. तिथे हलका गोंद मऊ पडतो, हिवाळ्यात कडक होऊन तडकतो, आणि पाने एकेक करून निघतात. नकाशा दोन पानांवर पसरलेला असेल तर घडीत काय गिळले गेले ते बघा. 8-10 मिलिमीटर पट्टी जातेच आणि नेमकी राजधानी त्यात असते. कागद 70 जीएसएमचा नॅचरल शेड, म्हणजे किंचित पिवळसर, असावा. 60 च्या पांढऱ्याशुभ्र कागदावर मागची अक्षरे उमटतात आणि ट्यूबलाइटखाली डोळे दुखतात.

आपल्या शहरातले छापखाने लेबले, कार्टन, पत्रिका उत्तम छापतात. जाड पुस्तकाची बांधणी हा वेगळा हात आहे. नुसत्या स्वस्ताईसाठी तंतूची दिशा न विचारता काम टाकणारा लेखकच इथे चुकतो. डमी प्रत कोऱ्या कागदाची करून घ्यावी, पाठीची जाडी मोजावी आणि मगच मुखपृष्ठाची फाइल पक्की करावी. 320 पानांची पाठ साधारण 16 मिलिमीटर होते. अंदाजाने 12 धरली की पाठीवरचे नाव मुखपृष्ठावर सरकते आणि कपाटात उभे ठेवल्यावर पुस्तक ओळखू येत नाही.

प्रकाशकाचे नाव ही चाळणी का पुरत नाही, हेही स्पष्ट सांगतो. लेखकाकडून पूर्ण खर्च घेऊन प्रकाशनाच्या नावाने पुस्तक काढून देणाऱ्या 'पॅकेज' सेवा देशभर आहेत. आतल्या पानावर भारदस्त नाव असते, पण निवड कुणी केलेली नसते. 'शंभर टक्के रॉयल्टी' हे शब्द असतात. ती छापील किमतीवर नसते, सगळी वजावट झाल्यावर उरलेल्यावर असते. लेखकाला स्वतःच्याच प्रती विकत घ्याव्या लागतात. अशी पुस्तके आपल्या खरेदीत प्रकाशकाच्या नावावर सहज येतात आणि प्रामाणिकपणे 'लेखक स्वतः' असे छापणारा मात्र अडतो. नवे लेखक आपल्याकडे सल्ल्याला येतात, त्यांना एवढे जरूर सांगा : करारात हक्क किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले, ते लिहून घ्या. लेखी करारात मुदत नसेल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 19व्या कलमानुसार ती 5 वर्षे आणि प्रदेश नसेल तर भारत, असे धरले जाते. मुखपृष्ठकाराशी करतानाही हेच लागू होते. पाच वर्षांनी पुनर्मुद्रण करायची वेळ आली आणि चित्र वापरण्याचा हक्कच संपलेला, असे होऊ नये.

खरेदीच्या कागदांबद्दल थोडे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, आणि फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला नोंदणीचे बंधन नाही. तेव्हा बिलावर जीएसटी क्रमांक नाही म्हणून लेखकाचे बिल अडवू नये. बिल क्रमांक, दिनांक, आयएसबीएन, छापील किंमत, सवलत, पॅन आणि सही, एवढे लेखापरीक्षणासाठी आम्ही प्रत्येक बिलावर देऊ. ग्रंथालय संचालनालयाच्या ग्रंथ निवड यादीसाठी त्या कॅलेंडर वर्षातल्या पहिल्या आवृत्तीची प्रत लेखक-प्रकाशकांनीच पाठवायची असते. ही गोष्ट आमच्यातल्या अनेकांना उशिरा कळते. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाने ती सूचना दरवर्षी ग्रंथालयांच्या फलकावरही लावली तर मोठी मदत होईल. तसेच 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून 30 दिवसांत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना स्वखर्चाने प्रत पाठवणे प्रकाशकाला बंधनकारक आहे. लेखक स्वतः प्रकाशक झाला की ही जबाबदारी त्याची. ज्याने ती पाळली त्याच्याकडे पोचपावत्या असतात, मागून पाहा.

करमाळा, सांगोला, अक्कलकोट इथल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची तर टपाल लागते. डिसेंबर 2024 मध्ये नोंदणीकृत पुस्तक टपालाची स्वस्त सेवा बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांचे हाल झाले. 1 मे 2025 पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट सुरू आहे. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100, कर वेगळा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव हवे, आणि जाहिरात चालत नाही. आमची 320 पानांची प्रत 360 ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे 300 च्या टप्प्याबाहेर जाते. 256 पानांची 290 ग्रॅम भरते, पण पुठ्ठा आणि कागद गुंडाळला की तीही पुढे सरकते. म्हणून एकेक प्रत मागवण्याऐवजी तालुक्यातल्या ग्रंथालयांनी मिळून मागवली, तर 13 प्रतींचे पार्सल 5 किलोत बसते आणि टपालखर्च प्रतीमागे 8 रुपयांवर येतो. वेष्टन हलके मात्र ठेवावे लागते.

काही ग्रंथपाल 'पीडीएफ द्या, आम्ही सभासदांना देऊ' असे सुचवतात. त्यात अडचण अशी की मराठी ई-पुस्तक किंडलवर काढणाऱ्या लेखकाला भारतातल्या विक्रीवर 70 टक्के वाटा हवा असेल तर केडीपी सिलेक्ट या ॲमेझॉनच्या योजनेत नोंदणी करावी लागते, नाहीतर 35 टक्केच. त्या नोंदणीत 90 दिवसांचे बंधन असते. त्या मुदतीत पुस्तकाची डिजिटल प्रत दुसरीकडे विकता किंवा फुकट वाटता येत नाही. कागदी प्रतीला हे बंधन लागू नाही. म्हणून कागदीच घ्या.

आणि 'भेट प्रत' मागू नका, ही कळकळीची विनंती. वरच्या हिशेबातली प्रत्येक भेट प्रत लेखकाला 230 रुपयांना पडते. जिल्ह्यातल्या 55 ग्रंथालयांना भेट दिली तर 12,650 रुपये झाले, त्या पैशांत संपादनाचा अर्धा खर्च निघतो. 25 टक्के सवलत आम्ही आनंदाने देऊ. 40 ते 50 टक्के सवलत देणारे पुस्तक ती सवलत आधीच किमतीत घालून छापलेले असते, त्यात ग्रंथालयाची बचत होत नाही. पैसे मात्र अनुदान येईपर्यंत थांबवायचे असतील तर तसे बिल घेतानाच सांगा. मार्चमध्ये मिळतील हे ठाऊक असले की छापखान्याला तशी तारीख देता येते. काहीच ठाऊक नसले की दुसरा भाग रखडतो.

कपाटाबद्दल. विज्ञान कादंबरी 'विज्ञान' विभागात, खगोलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांशेजारी लावली जाते. मुखपृष्ठावर पंखांचा प्राणी असला की अद्भुतरम्य कादंबरी बालविभागात जाते, आत युद्ध, मृत्यू, राजकारण असले तरी. दोन्ही ठिकाणी योग्य वाचक तिच्यापर्यंत पोचत नाही आणि वर्षभराने 'देवघेव शून्य' असा शेरा पडतो. ग्रंथालयांत पुस्तके विषयवार लावण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात मराठी कादंबरीचा क्रमांक 891.463 आहे, ही पुस्तकेही तिथेच बसतात. कादंबरी विभागात एक खण वेगळा करून त्यावर 'विज्ञान व अद्भुत कादंबरी' अशी पट्टी लावली तर शोधणाऱ्याला सापडतील. 2021 च्या नाशिकच्या 94व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांकडे गेले. विज्ञानकथा हा किशोरांपुरता प्रकार नाही, हे तेव्हाच मान्य झाले आहे. कपाटांपर्यंत ते अजून आलेले नाही.

मालिका असेल तर भाग तोडून घेऊ नका. विक्रेत्याच्या गठ्ठ्यात दुसरा भाग आला म्हणून तोच घेतला, असे पुष्कळदा होते. वाचक तो उघडतो, काही कळत नाही म्हणून परत करतो. दाखल नोंदवहीत भाग क्रमांक लिहा, आणि पाठीवर आकडा छापलेला नसेल तर तो लेखकाचा दोष समजून आम्हाला कळवा. पहिला भाग घेऊन पाहायचा आणि वाचला गेला तरच दुसरा, हा मार्ग आम्हाला पूर्ण मान्य आहे.

त्यासाठी शेवटची मागणी, आणि हिला पैसे लागत नाहीत. दुकानात पुस्तक विकले गेले की ते वाचले गेले का, लेखकाला कधीच कळत नाही. आपल्या देवघेव नोंदवहीत मात्र ते लिहिलेले असते : किती वेळा गेले, किती दिवसांनी परत आले, दोन दिवसांत आले की मुदत वाढवून घेतली. वर्षातून एकदा, मार्चअखेरीस, सभासदांची नावे न देता एवढेच आकडे आम्हाला कळवा. पहिला भाग बारा वेळा गेला आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या दिवशी परत आला, तर पहिल्या पन्नास पानांत काहीतरी बिघडले आहे, हे आम्ही ओळखू आणि पुनर्मुद्रणाआधी ते पुन्हा लिहू.

पुढच्या खरेदीआधी नमुना प्रती तपासणीसाठी ग्रंथालयात आणून ठेवण्याची आमची तयारी आहे. त्या आठवडाभर ठेवा, वरच्या कसोट्या लावा, न उतरलेल्या कारण लिहून परत करा. कारणाची चिठ्ठी एका ओळीची असली तरी चालेल.

आपले,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील काही स्वयंप्रकाशित कादंबरीकार, अक्षरजुळणीकार आणि मुद्रितशोधक